नग अकरा, नासपती

माझ्या सासऱ्यांचं माझ्याविषयी एकच मत आहे आणि बावीस वर्षांत ते त्यांनी बदललेलं नाही. ‘जावईबापू माणूस चांगला, पण फळातलं कळत नाही.’ याला कारण एक कलिंगड. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी जाताना मी ते छातीशी धरून नेलं होतं. कापल्यावर आतून पांढरंफटक निघालं. सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते, दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी कलिंगडाची एक फोड उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली, परत ताटलीत ठेवली आणि म्हणाले, "असू दे. पाणी तरी आहे." त्यानंतर त्या घरात मला कोणी फळ आणायला सांगितलेलं नाही. टोमॅटोसुद्धा नाहीत. टोमॅटोही शास्त्रानुसार फळच, त्यामुळे त्यांचा मुद्दा बरोबर असावा.

म्हणून त्यांच्या पोटाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी, ते स्वतः दोन पेट्या नासपती घेऊन आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मी आधी बायकोला हाक मारली. म्हटलं, तिच्यासाठी असतील.

"तिला नका बोलावू," सासरे म्हणाले. "तुमच्याशी बोलायचंय."

ते खुर्चीत बसले. पाणी नको म्हणाले. त्यांच्या घरामागे नासपतीचं एक झाड होतं, सासूबाईंनी लावलेलं. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. ऑपरेशननंतर सासऱ्यांनी एकट्याने राहू नये असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे ते घर विकून झालं होतं आणि नव्या मालकाला झाडाच्या जागी गाडीसाठी शेड हवी होती. सासऱ्यांनी शिडी लावून झाडावरचं शेवटचं फळ खाली उतरवलं होतं. एकोणऐंशीव्या वर्षी, पोटात दुखत असताना. हे बायकोला सांगू नका, असंही म्हणाले.

"चौऱ्याऐंशी आहेत," त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. "आता दगडासारख्या आहेत. नासपती झाडावर पिकत नाही, उतरवल्यावर पिकते. मला तीन आठवडे फक्त पातळ. तिसऱ्या शनिवारी तपासणी झाली की मऊ फळ खायला देणार आहेत. त्या शनिवारी मला यातली एक पिकलेली पाहिजे. एक पुरे. बाकीच्या तुमच्या."

मी म्हटलं, "एवढंच ना? काळजीच करू नका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ते कलिंगड आठवलं. "आठवड्याभरात पिकतात," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत सडतात. शनिवार विसावा दिवस आहे. बघा काय ते."

माणूस ऑपरेशनला जाताना घरच्यांकडे किल्ल्या सोपवतो, कागदपत्रं सोपवतो. मला चौऱ्याऐंशी कच्ची फळं मिळाली. पण खरं सांगतो, मला भरून आलं होतं. बावीस वर्षांनी त्या माणसाने माझ्याकडे फळ मागितलं होतं आणि ते मी देणारच असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पहिला सल्ला शेजारच्या विमावाल्यांकडून आला. सल्ला द्यायला त्यांना प्रश्न लागत नाही. जिन्यात पेटी दिसली तेवढं पुरलं. ते विमा विकतात, त्यामुळे कोणतंही संकट येण्याआधी त्यांना माहीत असतं आणि त्यावरचा उपायही तोंडपाठ असतो.

"फळ टिकवायचंय? सोपं आहे. पेटीत मधे मधे केळी ठेवा. केळं थंड प्रकृतीचं. आजूबाजूला थंडावा धरून ठेवतं. आणि वरून चादर टाका, हवा लागता कामा नये."

इतक्या ठामपणे कोणी बोललं की मला विश्वास बसतो. हा माझा जुना दोष आहे आणि माझ्याकडे त्यांच्याच चार पॉलिसी आहेत. मी दोन डझन पिवळीधमक केळी आणली, एका पेटीत नासपत्यांच्या फटींतून नीट बसवली आणि वर जुनी चादर अशी काही खोचली की मुंगीलासुद्धा आत शिरायला परवानगी लागली असती. दुसऱ्या पेटीत केळी पुरली नाहीत. ती तशीच राहिली, हे नशीब.

बुधवारी सकाळी चादर काढली तर खोलीभर सुवास. पेटीतल्या बेचाळीसच्या बेचाळीस नासपत्या सोनेरी झाल्या होत्या. मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा सासरे नळ्या लावून पडले होते. त्यांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "फळ?" मी म्हटलं, "उत्तम आहे." आणि ते खोटं नव्हतं. त्या दिवशी ते उत्तमच होतं.

वरच्या मजल्यावर केमिस्ट्रीच्या बाई राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी समोरचा माणूस नववीत आहे असं समजूनच बोलतात. वास त्यांच्या घरापर्यंत पोचला होता. त्या खाली आल्या, चादर उचलली, केळी पाहिली आणि चष्मा काढला.

"हे कोणी सांगितलं?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे विमावाले राहतात.

"फळ तोडलं म्हणून मरत नाही," बाई म्हणाल्या. "ते श्वास घेत राहतं. पिकायला लागलं की एक वायू सोडतं, एथिलीन म्हणतात त्याला. तो शेजारच्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं. मग तेही वायू सोडतं. केळं तर त्यात सगळ्यात पुढे. लोक फळ लवकर पिकावं म्हणून केळ्याबरोबर कोंडून ठेवतात. तुम्ही ते चादरीखाली कोंडलंत. काय शिकलात?"

मी म्हटलं, "शेजाऱ्यापासून लांब राहावं."

"बरोबर. आणि थंडीत ठेवावं. थंडीत श्वास मंदावतो. प्रत्येक फळ वेगळ्या कागदात गुंडाळा, धुऊ नका, आणि एक जरी डागाळलेलं दिसलं तर त्याच क्षणी बाजूला."

पुढचे चार दिवस आम्ही नासपती खाल्ली. नाश्त्याला, जेवणानंतर, चहाबरोबर, आणि बायको नाही म्हणेपर्यंत जेवणाऐवजी. त्याच दिवसांत मी वाटायलाही निघालो. पहिल्या दिवशी लोक "अरे वा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी "अहो, परत?" म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन जिना चढताना वरच्या दोन दारांच्या कड्या लागल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. माणसाची किंमत त्याच्या हातातल्या पिशवीवर ठरते हे मला ठाऊक होतं, पण भरलेल्या पिशवीने ती खाली येते हे नव्हतं.

आता दुसरी पेटी. बेचाळीस नासपत्या, प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. या सगळ्या फ्रिजमध्ये घालायच्या असं मी ठरवलं. बायकोने फ्रिजच्या दाराला पाठ लावून विचारलं, "दूध कुठे ठेवू? बाबांची औषधं कुठे ठेवू? आपण काय खायचं?"

"आपण नासपती खाल्लीच आहे," मी म्हटलं.

तिने दाराला पाठ आणखी घट्ट लावली. आमच्या घरात हे वाईट लक्षण असतं. पण वडिलांचा प्रश्न होता म्हणून बाजूला झाली. मी सगळ्या फळ्या काढून नासपत्या खालपासून वरपर्यंत रचल्या. एकही फट ठेवली नाही. ऑफिसात जुन्या फायली रचायची सवय आहे, हाताला ते आपोआप जमतं. दार ढकलून लावावं लागलं.

तीन दिवसांनी फ्रिजने मोठा उसासा टाकला आणि तो गप्प झाला. मेकॅनिक आला. त्याने दार उघडलं, वर्तमानपत्रांच्या त्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं, त्यातली एक बातमीही वाचली.

"हे काय आहे?"

"नासपती."

"मागे हवेची जाळी असते, ती बुजवलीय तुम्ही. मशिनलाही श्वास घ्यायला जागा लागते, साहेब." मग त्याने मागच्या रांगेतल्या काही उचलून ओट्यावर ठेवल्या. टक टक आवाज आला. जाळीसमोरच्या गोठल्या होत्या. पुढच्या, दाराजवळच्या, गरम होऊन पिकल्या होत्या. एकाच फ्रिजमध्ये दोन ऋतू. तो मशिनचा एक भाग काढून घेऊन गेला, आठवडा लागेल म्हणाला.

उलगडून, चाचपून, हुंगून झाल्यावर शाबूत, कच्च्या, टणक अशा अकरा उरल्या. त्याच दिवशी सासरे हॉस्पिटलातून आमच्या घरी आले आणि आतल्या खोलीत राहू लागले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "किती आहेत?"

"आहेत," मी म्हटलं.

"किती, असं विचारलं."

"पुरेशा आहेत."

निरीक्षकाला ‘पुरेशा’ हे माप चालत नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. बायको बाहेर येऊन मला म्हणाली, "बाजारातून त्या दिवशी एक आणू या. उगाच जिवाला घोर." मग स्वतःच म्हणाली, "नको. त्यांना कळेल." देठाजवळ गंजाच्या रंगाचा एक पट्टा असतो त्या झाडाच्या फळांना. तो मी त्या दहा दिवसांत इतका पाहिला होता की मलासुद्धा कळलं असतं.

इथे माझ्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. एरवी मी ते टाळतो. मी एका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात नोंद विभागाचा प्रमुख आहे. आमच्याकडे तळघरात एक शीतगृह आहे, जुन्या फिल्म आणि काचेच्या निगेटिव्ह ठेवायला. तिथे बारा महिने चार अंश तापमान. ते ज्यांच्या ताब्यात आहे ते गृहस्थ वर्षभर तोच तपकिरी स्वेटर घालतात, घरी जातानाही, म्हणून त्यांना सगळे स्वेटरकाका म्हणतात. चार अंश हा आकडा मी एकोणीस वर्षं रोज रजिस्टरात लिहीत होतो. नासपतीच्या संदर्भात तो मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसला.

मी साहेबांकडे गेलो. सासऱ्यांची गोष्ट सांगितली. साहेब भावनाप्रधान आहेत, त्यांना स्वतःचेही सासरे आहेत.

"माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "पण नियम?"

नियम असा होता: ‘नोंद झाल्याशिवाय कोणतीही वस्तू शीतगृहात जाणार नाही.’ खाली उपनियम सात, कलम क. मी वाचून दाखवलं.

"कोणी केलाय हा?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"मग तुम्हीच मार्ग काढा."

मी मार्ग काढला. नोंद केली. ‘नग अकरा, नासपती, सेंद्रिय, खासगी संग्रहातून.’ देणगीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं, कारण सासऱ्यांची सही घ्यायची तर आकडा सांगावा लागला असता. प्रत्येक नासपतीच्या देठाला दोऱ्याने नोंद क्रमांकाची चिठ्ठी बांधली. इतकी नीटनेटकी नोंद मी अलीकडे केली नव्हती. स्वेटरकाकांनी अकराही मोजून घेतल्या, पावती दिली आणि मी हात झटकत घरी गेलो. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

दोन दिवसांनी सहज खाली डोकावलो. फळीवर सहाच.

"पाच प्रक्रियेला गेल्यात," स्वेटरकाका म्हणाले.

"कसल्या प्रक्रियेला?"

"सेंद्रिय वस्तू आली की आधी कीटकनाशन. उणे तीस अंशांत दोन आठवडे. गोठवायच्या पेटीत जागा पाचाचीच होती, बाकीच्या रांगेत आहेत." त्यांनी जाड काचेचं झाकण वर करून दाखवलं. आत पाच नासपत्या पांढऱ्या पडून चिठ्ठ्यांसकट बसल्या होत्या. "आता यांना शंभर वर्षं किडा लागायचा नाही," ते समाधानाने म्हणाले.

कीटकनाशनाचा नियम कोणाचा, हे मी विचारलं नाही. अक्षर ओळखीचं होतं.

उरलेल्या सहांना रांगेतून बाहेर काढा म्हणालो, तर काकांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "बाहेर काढायचं म्हणजे निर्लेखन. नोंद झालेली वस्तू समितीच्या मंजुरीशिवाय बाहेर जात नाही. तीन सह्या. साहेब, मी आणि नोंद प्रमुख."

"नोंद प्रमुख मीच आहे."

"पण देणगीदारही तुम्हीच आहात. स्वतः दिलेल्या वस्तूवर स्वतः सही करता येत नाही. कलम नऊ." त्यांनी रजिस्टर मिटलं. "चांगलं कलम आहे ते. तुमचंच ना?"

मी रोज सकाळी ऑफिसला जाताना वाटेत बरीच माणसं पाहतो. कोणाच्या खांद्यावर फावडं, कोणाच्या हातात दुधाच्या पिशव्या. त्यांना कोणालाही आयुष्यात स्वतः लिहिलेलं कलम नऊ आडवं आलेलं नसेल. मला त्या आठवड्यात त्या सगळ्यांचा हेवा वाटला. दुसऱ्या कोणी अडवलं तर निदान चिडता येतं.

वेळ थोडा होता. केमिस्ट्रीच्या बाईंनी हिशोब सांगितला होता की थंडीतून काढलेली नासपती बाहेर चार दिवस ठेवावी लागते, तेव्हा कुठे मऊ होते. शनिवारी पिकायची तर मंगळवारी बाहेर यायला हवी. सोमवार उजाडला होता. नियमात एकच फट होती: संबंधित अधिकारी अपात्र असेल तर त्या विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञाची सही चालेल. मी वर गेलो आणि बाईंचं दार वाजवलं.

बाई मंगळवारी सकाळी दहाला ऑफिसात हजर झाल्या. निवृत्त झाल्यापासून तज्ज्ञ म्हणून त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे त्या इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये आयोडीनची बाटली घालून आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, नुसती सही हवीय."

"तपासल्याशिवाय मी सही करत नाही," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी न तपासलेल्या वहीवर सही केली नसेल. त्यांनी सहांतली एक नासपती उचलली आणि मी थांबवायच्या आत आडवी कापली. त्यावर आयोडीनचे थेंब टाकले. फळ जागोजागी काळंनिळं पडलं. साहेब पुढे वाकले. स्वेटरकाकाही वाकले.

"निळं म्हणजे स्टार्च," बाई म्हणाल्या. "पिकताना स्टार्चची साखर होते. इथे मधे निळं नाही, कडेला आहे. म्हणजे आतून सुरुवात झालीय. नासपती आतून बाहेर पिकते. म्हणून तिला मधे दाबून कळत नाही. बाहेरून मऊ लागेपर्यंत आत सडलेली असते. देठाजवळ, मानेपाशी, हलकेच दाबायची. तिथे दबली की झाली." मग त्यांनी दीड पानांचा अहवाल लिहिला आणि सही केली. साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, असे अहवाल आपल्याकडे येत नाहीत.

मला वाटलं, सुटलो. पाच नासपत्या पिशवीत घातल्या. तेवढ्यात स्वेटरकाकांनी आणखी एक कागद पुढे केला.

"निर्लेखित वस्तू नष्ट करावी लागते. साक्षीदारासमक्ष. प्रमाणपत्र परत आल्याशिवाय नोंद बंद होत नाही."

फॉर्मवर लिहिलं होतं: ‘नष्ट करण्याची पद्धत: फाडून / जाळून / अन्य.’ मी त्या ‘अन्य’वर बोट ठेवलं. काकांनी फॉर्मची मागची बाजूही वाचली.

"चालेल," ते म्हणाले. "पण साक्षीला मला यावं लागेल. शनिवार माझा सुट्टीचा दिवस आहे, तरी येतो."

पाच नासपत्या बैठकीच्या खिडकीत एका रांगेत ठेवल्या, एकीचा दुसरीला स्पर्श नको म्हणून वीतभर अंतराने. बुधवारी दोन मानेपाशी तपकिरी झाल्या, आत सडल्या होत्या. गुरुवारी विमावाले वर्तमानपत्र परत करायला आले आणि आम्ही ‘नको’ म्हणेपर्यंत एकीच्या पोटात अंगठा खुपसून म्हणाले, "अजून कच्ची आहे." दुसऱ्या दिवशी तिथे अंगठ्याएवढा काळा खड्डा होता. मी त्यांना काही बोललो नाही. चार पॉलिसी आहेत.

शुक्रवारी उरल्या दोन. मी आणि बायको खिडकीसमोर उभे होतो. आतून सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता. तीन आठवड्यांच्या पातळ सुपाने त्यांचा आवाज बारीक झाला होता. एका नासपतीची मान चाचपून पाहिली तर दबल्यासारखी वाटली, आणि नाही असंही वाटलं. अंगठ्यावर माझा भरवसा नव्हता. बावीस वर्षं ज्याला फळातलं कळत नाही असं सांगितलंय त्याचा अंगठा तो.

"एक कापून बघू," बायको म्हणाली.

"मग एकच उरेल."

"एकच मागितलीय त्यांनी."

कापली. गोड होती, पण कडेला अजून करकरीत. आम्ही दोघांनी ती उभ्या उभ्या खाल्ली. "उद्या होईल," मी म्हटलं. असं काही मी पहिल्यांदाच बोललो असेन, कारण बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी तपासणी झाली. डॉक्टर मऊ फळ चालेल म्हणाले. अकरा वाजता स्वेटरकाका रजिस्टर घेऊन आले, मागोमाग केमिस्ट्रीच्या बाई आल्या, आणि विमावाले दार उघडं दिसलं म्हणून आले. सासरे उशीला टेकून बसले होते. मी ताटलीत नासपती घेऊन गेलो. देठाला नोंद क्रमांकाची चिठ्ठी तशीच होती, ती काढायला मला अधिकार नव्हता.

सासऱ्यांनी आधी चिठ्ठी वाचली. मग रजिस्टर मागितलं. मी म्हटलं, झालं. चौऱ्याऐंशीपैकी अकराच तिथे पोचल्या होत्या, आणि त्या अकरांचा पुढचा सगळा प्रवास माझ्याच अक्षरात होता. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. पाच नग गोठवले. एक नग आयोडीन. वाचून झाल्यावर त्यांनी स्वेटरकाकांकडे पाहिलं.

"रजिस्टर छान ठेवलंय."

"नियम साहेबांचे आहेत," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मग सासऱ्यांनी नासपती हातात घेतली. गंजाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मानेपाशी नेला आणि हलकेच दाबलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. माझा जीव त्या क्षणी त्या फळात इतका अडकला होता की ती कच्ची निघाली असती तर मी ऑफिसात जाऊन त्या उणे तीसच्या पेटीत बसलो असतो.

बायकोने फोडी केल्या. रस ताटलीत उतरला. सासऱ्यांनी एक फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. चावायला फारसं काही नव्हतं, तरी ते बराच वेळ चावत राहिले. दुसरी खाल्ली. तिसरी उचलून उजेडाकडे धरली, माझ्या कलिंगडाची धरली होती तशी, आणि ती माझ्यापुढे केली. मी खाल्ली. आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

"आईच्या झाडाची तीच चव आहे," ते मुलीला म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत.

स्वेटरकाकांनी फॉर्म पुढे केला. सासऱ्यांनी पेन घेतलं, ‘फाडून’ आणि ‘जाळून’ यांवर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढली आणि ‘अन्य’पुढे बारीक अक्षरात लिहिलं: ‘खाऊन.’ शेरा या रकान्यापाशी थांबले. तिथे लिहिलं: ‘फळ योग्य पिकलेले होते. प्रत्यक्ष तपासले.’ खाली सही, तारीख आणि हुद्दा, निवृत्त असं कंसात. मी तो कागद वाचला. मग न वाचल्यासारखं करून परत वाचला. डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेलो, असं बायको नंतर सगळ्यांना सांगते. मी ताटली ठेवायला गेलो होतो.

बाहेर आलो तर काका ताटलीच शोधत होते.

"बिया कुठायत? बिया नष्ट झालेल्या नाहीत. नोंद बंद करता येत नाही."

सात बिया होत्या. काळ्या, टपोऱ्या. विमावाले म्हणाले, लगेच ओल्या मातीत पुरा, आठ दिवसांत रोप. केमिस्ट्रीच्या बाईंनी चष्मा काढला. "अजिबात नाही. या बियांना आधी थंडी लागते. ओलसर कापसात, चार अंशांत, तीन महिने. नाहीतर उगवत नाहीत."

चार अंश म्हटल्यावर सगळ्यांनी स्वेटरकाकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं सगळं दिसलं: नोंद, कीटकनाशन, कलम नऊ, समिती, दीड पानांचा अहवाल.

"तीन महिने?" सासऱ्यांनी बाईंना विचारलं.

"तीन. मग रुजायला महिना."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी इतकं पुढचं काही मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हा ते फक्त शनिवारपर्यंत मोजत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तोवर मी आहे इथे. जावईबापू, नोंद तुम्हीच करा. दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

सोमवारी मी नवीन फॉर्म काढला. देणगीदाराच्या रकान्यात या वेळी त्यांचं नाव घातलं, म्हणजे बाहेर काढताना सही मला करता येईल. कीटकनाशनाच्या नियमात ‘बिया वगळून’ असे दोन शब्द घालायला साहेबांची परवानगी मागितली आहे. फाईल अजून त्यांच्या टेबलावर आहे. तोपर्यंत बिया घरच्या फ्रिजमध्ये आहेत, दुधाच्या शेजारी, जाळीपासून लांब, आणि सासरे रोज सकाळी काठी टेकत स्वयंपाकघरात येऊन फ्रिजचं दार उघडतात आणि मोजतात. सात भरतात. मग ते मला हाक मारून आकडा सांगतात.